पोतेवालीचं दार

म्हशीने सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही, तेव्हाच थोरलीला शंका आली. कडबा गव्हाणीत तसाच पडून होता. म्हैस बसे, उठे, पुन्हा बसे आणि मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत राही. थोरलीने शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहिलं. दोन्ही बाजूंचं अंग सैल पडलं होतं, बोट सहज रुतत होतं.

"आजच का गं बाई?" ती म्हशीला म्हणाली. "उद्या व्यायला काय झालं होतं?"

आज हप्त्याचा वार होता.

यंदा उन्हाळा लांबला होता. कालव्यात पाणी नव्हतं. तळाचा गाळ वाळून त्याची खापरं झाली होती आणि त्यांच्यावरून चाललं की पायाखाली कटकट वाजत असे. गावातली बांधकामं पाण्यावाचून थांबली, म्हणून थोरलीचा नवरा लांबच्या शहरात कामाला गेला होता. तो गवंडी. दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात उभ्या करणारा आणि स्वतःच्या घराला गिलावा न करणारा, असं थोरली त्याला तोंडावर म्हणत असे. तो हसे. म्हैस एकदा दुधावर येऊ दे, मग करतो, म्हणे.

म्हैस गटाच्या कर्जातून घेतली होती, गाभणी होती तेव्हाच. त्या दिवसापासून प्रत्येक हप्ता गवंड्याच्या मजुरीतून गेला होता. म्हैस व्याली की हप्ता दुधातून जाणार, मजुरी घरात राहणार आणि गवंडी घरी येऊन स्वतःच्या भिंतीला हात लावणार. नवराबायकोचं सगळं बोलणं हल्ली याच एका गोष्टीपाशी येऊन थांबत असे.

थोरलीने गोठ्यात कोरडी माती पसरली, पाण्याची बादली भरून ठेवली. गोठा गावाबाहेर, कालव्याच्या काठाला होता. तिथून गिरणीपर्यंत चालत जायचं, हप्ता टाकायचा आणि तसंच परत यायचं. तेवढ्यात काही होत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. निघताना तिने म्हशीच्या कपाळावर हात फिरवला. कपाळ गरम लागलं, पण त्या दिवसांत दगडही गरमच लागत होते.

गट पाच बायकांचा होता आणि बसायचा गिरणीवालीच्या अंगणात, कारण सावली तिथेच होती. भिंतीपलीकडे दळणाची गिरणी चाले. तिच्या धडधडीमुळे बोलताना आवाज चढवावा लागे. पण अंगण झाडलेलं असे आणि चटई गिरणीवाली स्वतः घाली. गटाची प्रमुख थोरली. तिची जाऊ धाकटी, कोंबडीवाली आणि गिरणीवाली या आणखी तिघी. पाचवी पोतेवाली. पेंडीच्या गोदामातली फाटकी पोती ती दाभण आणि सुतळीने शिवून द्यायची. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिची आंधळी आई.

कर्ज एकीचं असलं तरी जबाबदारी पाचजणींची होती. एकीने हप्ता चुकवला तर पुढचं कर्ज कुणालाच नाही. म्हणून नियम असा होता की शेवटचा हप्ता पडल्याशिवाय चटईवरून कुणी उठायचं नाही. सुरुवातीला हा नियम सगळ्यांना आवडला होता. घरात कुणी बसू देत नाही, इथे बसावंच लागतं, असं म्हणून बायका खिदळायच्या. आणखी एक नियम त्यांनी आपापसांत केला होता. जिच्याकडे हप्ता नसेल, तिच्या घरातली एखादी वस्तू गटाने उचलून आणायची आणि पैसे दिले की परत करायची. एकदा कोंबडीवालीचा स्टोव्ह असाच आणला होता. दुसऱ्या दिवशी परत देताना धाकटीने त्याची वात नीट करून दिली होती आणि गटात स्टोव्ह राहिला की सुधारतो, अशी चेष्टा झाली होती.

त्या दिवशी चौघी आल्या. पोतेवाली आली नाही.

कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीचा साहेब मोटारसायकल भिंतीला टेकवून खुर्चीवर बसला होता. तरुण माणूस. हेल्मेट मांडीवर, कपाळावर हेल्मेटचा वळ. तो बायकांना मावशी म्हणे आणि दर थोड्या वेळाने फोन पाही. चौघींचे पैसे त्याने घेतले आणि पाचवी कुठे आहे, असं विचारलं. येईल, असं गिरणीवालीने सांगितलं.

वेळ गेला. सावली चटईवरून सरकली आणि बायकाही सावलीबरोबर सरकल्या. गिरणी धडधडत होती. त्या धडधडीत थोरलीला मध्येच म्हशीचं हंबरणं ऐकू येई; कान द्यावा तर गिरणीचा पट्टाच कण्हत असे.

"जाऊबाई, कुणी हाका मारतंय का?" धाकटीने एकदा विचारलं.

थोरलीने मान ताठ करून ऐकलं. पट्टाच होता.

शेवटी तिला राहवेना. ती साहेबाला म्हणाली की म्हैस व्यायला झालीय, गोठ्यात कुणी नाही, मी बघून येते. साहेबाने खांदे उडवले. त्याचं काही म्हणणं नव्हतं, गटाने ठरवावं. थोरलीने चटईवर हात टेकला, उठायला म्हणून.

"बस," कोंबडीवाली म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं.

"माझं पोरगं तापाने फणफणलं होतं, तेव्हा तू मला बस म्हणाली होतीस," कोंबडीवाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती चटईचा सुटलेला काठ बोटाने गुंडाळत होती. "नियम म्हणजे नियम, असं म्हणालीस. एक उठली तर उद्या सगळ्या उठतील, असंही म्हणालीस. मी बसले. आता तू बस."

थोरली बसली. ती तसंच म्हणाली होती.

मग सगळा राग पोतेवालीकडे वळला. ती नेहमीच शेवटी येते. मागे तिचा हप्ता गटाने भरला होता. तिचं बोलणं गोड आणि हात आखडलेला. गिरणीवालीने सुरुवात केली, कोंबडीवालीने भर घातली. थोरली आधी गप्प होती. पण प्रत्येक क्षणाला तिला म्हशीचं सैल पडलेलं अंग दिसत होतं आणि तो प्रत्येक क्षण पोतेवाली तिच्याकडून ओरबाडून घेतेय, असं वाटत होतं. एरवी कधी न वापरलेले शब्द तिच्या तोंडून गेले. धाकटी चमकून तिच्याकडे बघत राहिली.

"घरात दडून बसली असेल," थोरली म्हणाली. "वस्तू आणू या. चला सगळ्या. सगळा गट उठला तर नियम मोडत नाही."

साहेब हेल्मेटची पट्टी खेळवत म्हणाला की तो तुमचा आतला मामला, मला त्यात घेऊ नका. आणि त्याने फोनकडे पाहिलं.

पोतेवालीचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. चौघी भर उन्हात निघाल्या. थोरली सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ पळत होती. हे एकदा उरकलं की गोठ्याकडे जाता येणार होतं. वाटेत न्हावी दुकानाच्या पायरीवर बसला होता. कुणाच्या लग्नाला निघालात, असं त्याने विचारलं. कुणी हसलं नाही.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक खोली. भिंतीला शिवलेल्या पोत्यांची थप्पी, कोपऱ्यात चूल, दोन पातेली, एक मडकं. खाटेवर पोतेवालीची आई निजली होती. पावलं ऐकून तिने मान उचलली. तिचे डोळे दुधासारखे पांढरे झाले होते.

"कोण गं?"

"गटातल्या बायका, आजी," धाकटी म्हणाली. "ती कुठंय?"

"गोदामात गेलीय, पैसे आणायला. आज मजुरी मिळणार होती. परस्पर हप्त्याला जाईन म्हणाली. आली नाही का?"

गिरणीवालीने ओठ मुरडले. थोरलीने खोलीभर नजर फिरवली. पातेली काळी पडलेली आणि पोचे आलेली. खाट म्हातारीच्या अंगाखाली. थप्पीतली पोती गोदामाची होती, त्यांना हात लावता येत नव्हता. उचलण्यासारखं त्या घरात काहीच नव्हतं.

मग तिची नजर दाराकडे गेली.

दार म्हणजे लाकडाची चौकट, तिच्यावर तेलाच्या डब्याचा सरळ केलेला पत्रा, आणि खाली जिथे पत्रा पुरला नव्हता तिथे पोत्याचा दुहेरी तुकडा शिवून ताणून बसवलेला. कडी सुतळीची, वेणीसारखी विणलेली. बिजागऱ्यांच्या खिळी नुसत्या अडकवलेल्या होत्या.

"हे घ्या," थोरली म्हणाली.

धाकटी पुढे झाली नाही. "दार नको, जाऊबाई. दार कसं नेणार?"

"उचलून."

खिळी निघाल्या तेव्हा दार एकदम अंगावर आलं. पत्रा मोठ्याने वाजला आणि खाटेवरची म्हातारी दचकली.

"काय करताय गं?"

कोंबडीवालीसुद्धा थोरलीकडे बघत राहिली. थोरलीने दार सावरून धरलं.

"दार दुरुस्तीला नेतोय, आजी. खालून फाटलंय."

"बरं झालं, बाळा," म्हातारी म्हणाली आणि परत पडली. "खालून झळ येते. ती कधीची म्हणतेय लाकूड बसवू या, पण तिला कुठं उसंत मिळते. तुम्ही आहात म्हणून बरंय."

चौघी दार घेऊन बाहेर पडल्या. मागे उंबऱ्यातून ऊन थेट खाटेपर्यंत पडलं होतं. धाकटीने एकदा वळून पाहिलं, मग पाहिलं नाही. पत्रा एवढा तापला होता की तो हाताला लागू नये म्हणून प्रत्येकीने आपलं कापड मध्ये धरलं होतं. न्हाव्याने दार बघितलं आणि या वेळी तो काही न बोलता दुकानात गेला.

अंगणात दार भिंतीला टेकवलं. ते बघून गिरणीवालीने पोतेवालीचा हप्ता गिरणीच्या गल्ल्यातून काढून दिला. दार थोरलीकडे राहील आणि पैसे आले की सुटेल, असं ठरलं. साहेबाने हेल्मेट चढवलं. त्याचा चेहरा सैल झाला होता. तुमच्या गटासारखा गट नाही, मावशी, मी सगळीकडे तुमचं उदाहरण देतो, असं तो म्हणाला आणि गेला.

थोरलीने दाराचं एक टोक धरलं. "चला. गोठ्यात ठेवू आणि म्हैस बघू."

कालव्यापाशी आल्यावर आधी कावळे दिसले. गोठ्याच्या छपरावर ओळीने बसले होते. हंबरणं ऐकू येत नव्हतं. थोरलीने दाराचं टोक तसंच टाकलं आणि ती धावली.

म्हैस कुशीवर पडली होती. पुढे, सावलीत, पोत्यावर एक ओलं काळं पारडू मान थरथरवत बसलं होतं, पुसून कोरडं केलेलं, कान पडलेले. आणि म्हशीच्या मागे, चिखलात, पाय पसरून पोतेवाली बसली होती. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत रक्त होतं. तिच्या मांडीत, ओल्या पोत्यात, म्हशीचं बाहेर आलेलं अंग होतं. लाल, फुगलेलं, भल्या मोठ्या बोचक्याएवढं. ती ते दोन्ही हातांनी मुलासारखं वर धरून बसली होती.

थोरली गोठ्याच्या तोंडाशीच थांबली. मागून आलेल्या बायकांपैकी कुणीतरी तोंडावर हात दाबल्याचा आवाज झाला.

"आलात," पोतेवाली म्हणाली. तिचा आवाज बसला होता, नुसती हवा येत होती. "हाका मारून घसा गेला माझा. गोदामातून कालव्याच्या वाटेने येत होते, तर हिचं ओरडणं ऐकलं. पारडू पायाळू होतं, ओढून काढलं. ते निघालं आणि मागोमाग हे सगळं बाहेर. खाली ठेवलं असतं तर हे कावळे... मला उठताच येईना."

"आता बघू नका नुसत्या," पोतेवाली म्हणाली. "मागचं अंग उंच करायला पाहिजे, म्हणजे हे आत जाईल. काहीतरी फळीबिळी आणा. एकटीला नाही जमत."

सुटी फळी नव्हती. कोंबडीवाली आणि गिरणीवाली दोघी वळल्या, वाटेत पडलेलं दार त्यांनी उचलून आणलं आणि म्हशीच्या ढुंगणाखाली सरकवलं. खाली दगड घातले. धाकटी गावात फोन करायला पळाली. थोरलीने बादलीतलं उरलेलं पाणी ओतून ते अंग धुतलं. पोतेवाली सांगेल तसं ती करत होती. मूठ आवळ, बोटं लावू नकोस, फाटेल. म्हैस जोर करेल तेव्हा थांब, ढिली पडली की लोट. दोघींची कपाळं एकमेकींना लागत होती. आत ढकललेलं पुन्हा बाहेर येई. पुन्हा ढकलायचं. पत्रा म्हशीच्या वजनाने करकरत होता. कोंबडीवालीने म्हशीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती तिच्या कानात काही पुटपुटत होती.

एकदा सगळं आत गेलं. पोतेवाली मूठ तशीच आत ठेवून बसून राहिली. "राहिलं," ती म्हणाली. "राहिलं बघ."

तेवढ्यात म्हशीने चारही पाय ताणले. एक लांब श्वास सोडला. कोंबडीवाली वाट बघत होती, पण पुढचा श्वास आला नाही.

पारडू उठायचा प्रयत्न करत होतं. पुढचे पाय उभे राहत, मागचे घसरत. धाकटी धापा टाकत आली आणि म्हणाली, डॉक्टर संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय. मग तिने म्हशीकडे पाहिलं.

पोतेवालीने हात बाहेर काढला. "रक्त फार गेलं होतं आधीच," ती हळू म्हणाली. "आणखी एक जण असती ना, तर धरायला एक आणि लोटायला एक. तुम्ही तरी काय करणार? बसल्या असाल चटईवर माझी वाट बघत." मग तिला आठवलं. "हप्ता. साहेब गेला का? अगं, माझ्यामुळे थांबला असेल तो. कनवटीला आहेत पैसे. माझे हात हे असे. तूच सोड."

थोरली तिच्याजवळ गुडघ्यावर बसली. कनवटीची गाठ घामाने घट्ट झाली होती. तिच्या बोटांना ती सुटेना. तिने दाताने सोडवली. आत नोटा होत्या, दुमडून दुमडून लहान केलेल्या, अंगाच्या उबेने गरम झालेल्या. हप्ता पुरा होता. थोरलीने त्या गिरणीवालीसमोर धरल्या. गिरणीवालीने हात मागे घेतला, मग पुढे केला. न मोजता तिने पैसे मुठीत धरले आणि ती कालव्याकडे बघत राहिली.

"तुला का देतेय ती?" पोतेवालीने विचारलं.

"मी भरला होता," गिरणीवाली म्हणाली. "गल्ल्यातून."

"देव भलं करो."

पोतेवालीला उठायचं होतं. पाय बधिर झाले होते. आधारासाठी तिने म्हशीखालून बाहेर राहिलेल्या दाराच्या कडेला हात टेकला आणि अर्धी उठून तशीच थांबली. तिची बोटं पत्र्याच्या खालच्या बाजूला, पोत्याच्या शिवणीवर होती. बोटं शिवणीवरून पुढे गेली, परत मागे आली.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली.

चौघींपैकी कुणी वर पाहिलं नाही. पोतेवालीने सुतळीची कडी पाहिली. रक्ताने भरलेला हात तिने कडीला लावला नाही, नुसता जवळ नेला. मग एकेकीच्या तोंडाकडे बघत ती थोरलीपर्यंत आली.

"हो," थोरली म्हणाली. "मीच काढायला सांगितलं."

छपरावरचा एक कावळा खाली उतरला आणि धाकटीने ढेकूळ मारून त्याला उडवलं. पोतेवालीचा जबडा हलत होता, जणू ती काहीतरी चावत होती.

"आई जागी होती?"

"होती."

"तिला काय सांगितलंत?"

थोरलीला ते सांगताना म्हशीकडे बघावं लागलं. "दुरुस्तीला नेतोय म्हणून सांगितलं. खालून फाटलंय म्हणून."

पोतेवाली मटकन खाली बसली. मग तिच्या बसलेल्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा की रडण्याचा, ते त्या चौघींना कळलं नाही.

"ती हात लावून बघेल," पोतेवाली म्हणाली. "सगळं हात लावून बघते ती. खाली पोतंच लागलं हाताला, तर काय सांगू मी तिला?"

थोरली उठली. ती गव्हाणीपाशी गेली. गव्हाणीची पुढची फळी गवंड्याने स्वतः बसवलेली, म्हैस आली त्या आठवड्यात रंधा मारून गुळगुळीत केलेली. म्हशीच्या गळ्याने घासून तिचा वरचा काठ तेलकट काळा झाला होता. सकाळचा कडबा आत तसाच होता. थोरलीने पाय भिंतीला लावला, दोन्ही हातांनी फळी धरली आणि ओढली. खिळे कुरकुरले. ती पुन्हा ओढायला लागली, तेव्हा कोंबडीवाली येऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिने फळीचं दुसरं टोक धरलं.